फ्रीजवरची यादी

१ जानेवारी २०२३ च्या सकाळी आमच्या स्वयंपाकघरातल्या फ्रीजवर, दूधवाल्याचा हिशेब आणि गॅस एजन्सीच्या फोन नंबराची चिठ्ठी यांच्या शेजारी, एक नवा कागद लागला. धाकट्या भावाची मुलगी पुण्यात शिकायला आमच्याकडे राहते. तिने वहीच्या मधल्या जोडपानावर पट्टीने रेघा मारून त्या वर्षी येणाऱ्या सिनेमांची यादी केली होती. डावीकडे तारीख, मध्ये नाव, उजवीकडे कोणाबरोबर पाहायचा ते. २५ जानेवारी, ‘पठाण’, मैत्रिणी. २ जून, ‘जवान’, मैत्रिणी. १६ जून, ‘आदिपुरुष’, काका-काकू. ११ ऑगस्ट, ‘ॲनिमल’. २८ सप्टेंबर, ‘सालार’. दिवाळी, ‘टायगर ३’. २२ डिसेंबर, ‘डंकी’. मध्ये आणखी चार-पाच नावे होती. त्यातली निम्मी मला वाचूनही कळली नाहीत.

चौतीस वर्षे बँकेत काढलेल्या माणसाला असा रेघांचा तक्ता दिसला की हात आपोआप पेन्सिलीकडे जातो. मी तिला म्हटले, “ही सगळी येणी आहेत. वर्षअखेरीला वसुली किती झाली ते बघू.” ती म्हणाली, “काका, तुम्ही ना, सगळ्याचं कर्ज करून टाकता!”

तरी मी तो कागद जपून ठेवला. गेल्या महिन्यात कपाट आवरताना तो पुन्हा हाती लागला आणि वाटले, त्यात एका मुलीच्या हौसेपेक्षा बरेच काही आहे. जो सिनेमा अजून कोणीही पाहिलेला नाही, ज्याचे चित्रीकरणही कदाचित पुरे झालेले नाही, त्याच्यासाठी लाखो माणसे अकरा महिने आधी तारीख राखून ठेवतात. हे कसे घडते, यात कोणाचा पैसा फिरतो आणि कोणाचा बुडतो, हे पाहण्यासारखे आहे.

आमच्या लहानपणीही वाट पाहणे होतेच. वऱ्हाडातल्या तालुक्याच्या गावी एकुलते एक टॉकीज. बाहेर काचेच्या कपाटात फोटो लावलेले आणि वर रंगवलेली पाटी: ‘लवकरच येत आहे’. हे ‘लवकरच’ कधीकधी वर्षभराचे असे. ‘शोले’ १५ ऑगस्ट १९७५ ला मुंबईत लागला, पण आमच्या गावात तो आला तेव्हा त्यातले संवाद आम्हांला पाठ होते, कारण तबकड्या आधीच लाउडस्पीकरवाल्यांकडे पोचल्या होत्या. सिनेमा पेट्यांतून यायचा. अमरावती आणि भुसावळ ही सिनेमाच्या वितरणाची मोठी ठाणी. तिथल्या कचेऱ्यांतून रिळांच्या पेट्या गावोगाव जायच्या. गुरुवारी संध्याकाळी एसटी स्टँडवर आम्ही पोरे केवळ पेटी उतरताना पाहायला जात असू. पेटी आली नाही तर शुक्रवारी जुनाच सिनेमा. त्यावर कोणी कुरकुर करत नसे. पाऊस आला नाही तर कोणाकडे तक्रार करायची, तसलाच तो प्रकार.

या उशिराचा एक फायदा होता आणि तो मला फार पुढे कळला. सिनेमा आमच्यापर्यंत येई तेव्हा त्याचा निकाल लागलेला असे. मुंबईत पडलेला सिनेमा आमच्या गावी स्वस्तात येई किंवा येतच नसे. ‘शोले’बद्दल तर धंद्यातल्या जाणत्यांनी पहिल्या आठवड्यात मान हलवली होती, शेवट बदलायची भाषाही झाली होती. पण सिनेमा थिएटरात राहिला, माणसे एकमेकांना सांगत गेली आणि मुंबईच्या मिनर्व्हात तो पाच वर्षांवर चालला. त्याला राहायला जागा आणि वेळ मिळाला, हे महत्त्वाचे.

या वाट पाहण्याची किंमत पूर्वी कोण मोजत असे, तेही सांगतो. निर्मात्याकडून वितरक आपल्या प्रदेशाचे हक्क घेई आणि त्यापोटी ‘मिनिमम गॅरंटी’ म्हणून ठरावीक रक्कम आधीच मोजे. सिनेमा पडला तर ती रक्कम त्याची बुडाली. वितरक मग ते ओझे थोडेथोडे गावोगावच्या टॉकीजवाल्यांवर टाके: अमुक इतका ॲडव्हान्स भरा, तरच दिवाळीचा सिनेमा तुम्हांला. बँका या व्यवहारापासून लांब असत. केंद्र सरकारने सिनेमाला उद्योगाचा दर्जा जाहीर केला तो १९९८ मध्ये. त्याआधी ‘सिनेमासाठी कर्ज’ म्हटले की बँकेतला शिपाईसुद्धा हसत असे. पैसा यायचा तो सावकारांकडून, भारी व्याजाने. नाहीतर घरातून.

घरातून म्हणजे कसा, ते मी पाहिलेले आहे. ऐंशीच्या दशकाच्या अखेरीस मी वऱ्हाडातल्याच एका छोट्या शाखेत होतो. तिथले टॉकीजवाले आमचे जुने खातेदार. दिवाळीच्या महिनाभर आधी ते सोनेतारण कर्जासाठी आले. बायकोच्या पाटल्या, एक पोहेहार आणि आईकडून आलेले गोठ. अर्जावर कारण लिहिले होते ‘घरखर्च’. खरे कारण मला ठाऊक होते, सबंध गावाला ठाऊक होते. मोठ्या नटाचा सिनेमा त्यांना पहिल्याच आठवड्यात मिळत होता, मुंबईबरोबर. त्या गावाच्या इतिहासात असे पहिल्यांदा घडत होते. मला म्हणाले, “साहेब, पोस्टर लागल्यापासून पोरं टॉकीजसमोरून हलेनात. तीन आठवडे हाऊसफुल्ल. संक्रांतीआधी दागिने सोडवून नेतो, हिला वाण द्यायला लागतील.” सराफाने सोने घासून पाहिले, वजन केले, मी सही केली. नियमाने सगळे चोख होते. पण खरे सांगायचे तर नियमांइतकाच माझाही त्या पोस्टरवर विश्वास होता. त्यांनी आम्हां स्टाफला बाल्कनीचे पास पाठवले, आम्ही पहिल्या दिवशी बायकापोरांसह गेलो. बाहेर तिकिटे ब्लॅकने चालली होती. मध्यंतरातच लोक एकमेकांकडे पाहू लागले. तिसऱ्या दिवशी खुर्च्या रिकाम्या झाल्या, आठवड्याच्या शेवटी पेटी परत गेली.

त्यांनी दोन वर्षे व्याज भरले, मुद्दल फिटले नाही. लिलावाची नोटीस माझ्याच सहीने गेली. शेवटच्या आठवड्यात त्यांच्या मेव्हण्याने पैसे उभे करून हार सोडवला. पाटल्या आणि गोठ गेले. त्यांच्या पत्नी पावतीवर सही करायला आल्या होत्या. त्यांनी तो सिनेमा पाहिलाच नव्हता, घरी दिवाळीचे पाहुणे होते. पुढे मी कादंबऱ्या लिहिल्या, त्यात अनेक कर्जदार आले. हे गृहस्थ मात्र आजवर कुठल्याच कादंबरीत बसले नाहीत.

तर पूर्वी उत्कंठेची जोखीम अशी वितरकाच्या आणि टॉकीजवाल्याच्या गळ्यात असे. आज ती कोणाकडे आहे? माझे उत्तर असे की ती बऱ्याच अंशी आपल्याकडे, म्हणजे तिकीट काढणाऱ्याकडे, सरकली आहे आणि आपल्याला ते जाणवलेले नाही.

यामागे एक साधा हिशेब आहे. २००९ मध्ये निर्माते-वितरक आणि मल्टिप्लेक्सवाले यांच्यात उत्पन्नाच्या वाटणीवरून दोन महिने संप चालला. शेवटी जी तडजोड झाली त्यात वितरकाचा वाटा पहिल्या आठवड्यात साधारण ५० टक्के, दुसऱ्यात साडेबेचाळीस, तिसऱ्यात साडेसदतीस आणि पुढे ३० असा ठरला. बँकेतल्या माणसाला हा तक्ता एका नजरेत कळतो. ठेव जितकी जुनी तितके व्याज जास्त, हा आमचा नियम. इथे नेमके उलटे. सिनेमा जितका जुना होईल तितका निर्मात्याच्या हाती रुपयातला हिस्सा कमी. मग शहाणा निर्माता काय करील? पहिल्या आठवड्यातच, त्यातही पहिल्या तीन-चार दिवसांत, जितकी माणसे आत ओढता येतील तितकी ओढील. त्याच सुमारास रिळे गेली आणि संगणकावरून सिनेमा दाखवणे आले. पेटीची भानगड संपली. एकाच सकाळी हजारो पडद्यांवर एकच सिनेमा लावता येऊ लागला. निकाल लागायच्या आत सगळे परीक्षेला बसलेले!

आता तीन दिवसांत सगळा पैसा उभा करायचा, तर लोकांनी सिनेमा ‘ऐकून’ येऊन चालणार नाही. त्यांनी न ऐकताच आले पाहिजे. म्हणून ती लांबलचक मिरवणूक. आधी तारखेची घोषणा. ‘पठाण’ची तारीख जवळजवळ अकरा महिने आधी, मार्च २०२२ मध्ये, जाहीर झाली होती. मग पहिले पोस्टर, मग टीझर, मग एक गाणे, त्यावर वाद झाला तर उत्तमच, मग ट्रेलर, मग आगाऊ बुकिंगचे रोजचे आकडे. हे आकडे आता वर्तमानपत्रांत सोन्याच्या भावासारखे छापून येतात. आमच्या पुतणीला ‘पठाण’चे पहिल्या दिवसाचे उत्पन्न तोंडपाठ होते, स्वतःच्या कॉलेजची फी किती ते मात्र तिला विचारू नये.

यात तारीख ही एक मिळकतच होऊन बसली आहे. ईद एका नटाची, नाताळ दुसऱ्याचा, स्वातंत्र्यदिन ज्याला आधी सापडेल त्याचा. ‘रामायण’च्या निर्मात्यांनी नोव्हेंबर २०२४ मध्ये २०२६ आणि २०२७ अशा दोन दिवाळ्या एकदमच जाहीर केल्या. पंचांगकर्त्यांनासुद्धा इतक्या आधी इतकी खात्री नसते. आणि एवढे करून तारखा पाळल्या जातात असेही नाही. आमच्या यादीतला ‘जवान’ २ जूनवरून ७ सप्टेंबरला गेला, ‘ॲनिमल’ ११ ऑगस्टवरून १ डिसेंबरला, ‘सालार’ २८ सप्टेंबरवरून २२ डिसेंबरला. रिकाम्या झालेल्या ११ ऑगस्टला ‘गदर २’ आणि ‘ओएमजी २’ दोघेही येऊन बसले. फ्रीजवरचा कागद खाडाखोडीने भरून गेला. मोठा सिनेमा हलला की मागचे सगळे लहान सिनेमे हलतात. भरल्या एसटीत एखादा जाडा माणूस कूस बदलतो तेव्हा होते तसे.

या चेंगराचेंगरीत मराठी सिनेमाचे काय होते, हे त्याच वर्षी दिसले. २१ एप्रिलला ईदचा सलमान खानचा सिनेमा आला, २८ एप्रिलला मणिरत्नम यांच्या ‘पोन्नियिन सेल्वन’चा दुसरा भाग. त्याच २८ एप्रिलला केदार शिंदे यांचा ‘महाराष्ट्र शाहीर’ आणि भाऊराव कऱ्हाडे यांचा ‘टीडीएम’ असे दोन मराठी सिनेमे लागले. ‘टीडीएम’ला खेळच मिळेनात. जे मिळाले ते भलत्या वेळी. दिग्दर्शक आणि त्याचे नवखे कलाकार प्रेक्षकांसमोर रडले, ते दृश्य अनेकांनी पाहिले. शेवटी सिनेमा काढून घ्यावा लागला आणि जूनमध्ये पुन्हा लावावा लागला. ही रड आजची नाही. १९७१ मध्ये दादा कोंडक्यांच्या ‘सोंगाड्या’ला दादरच्या कोहिनूरमध्ये जागा मिळेना, तेव्हा बाळासाहेब ठाकरे मध्ये पडले आणि तो लागला, पुढचा इतिहास सर्वांना माहीत आहे. एप्रिल २०१५ मध्ये राज्य सरकारने मल्टिप्लेक्सवाल्यांना मराठी सिनेमा मोक्याच्या वेळी दाखवायला सांगितले, त्यावरून वडापाव-पॉपकॉर्नचे केवढे रणकंदन झाले! पण सरकार खेळाची वेळ ठरवू शकते, लोकांच्या फ्रीजवरच्या यादीत नाव घालू शकत नाही. ज्या सिनेमाची वाट कोणी पाहत नाही त्याला शुक्रवारी सकाळी साडेनऊचा खेळ मिळतो आणि साडेनऊला कोणी आले नाही म्हणून सोमवारी तोही जातो. थिएटरवाल्यालाच दोष देऊन भागत नाही. त्यालाही वीजबिल आहे, आणि तो आपल्याच यादीकडे बघून खेळ लावतो.

आता माझ्या ताळेबंदाकडे येतो. ‘पठाण’ला पुतणी मैत्रिणींबरोबर गेली आणि मग आम्हांलाही घेऊन गेली. शाहरुख खान चार वर्षांनी नायक म्हणून पडद्यावर येत होता. करोनाच्या काळात महाराष्ट्रातली थिएटरे दोनदा बंद पडली होती, ती ऑक्टोबर २०२१ मध्ये पुन्हा उघडली, तरी माणसे पूर्वीसारखी परतली नव्हती. त्यामुळे त्या दिवशी शिट्ट्या ऐकून मला सिनेमापेक्षा शिट्ट्यांचेच बरे वाटले. देशात बंद पडलेली काही जुनी एकपडदा थिएटरे या सिनेमासाठी पुन्हा उघडली. चार तिकिटे, मध्यंतरात पॉपकॉर्न आणि पाण्याच्या बाटल्या, एवढ्यात घरात उरलेली एकुलती एक दोन हजाराची नोट गेली. मे महिन्यात रिझर्व्ह बँकेने ती नोट मागे घेण्याचे जाहीर केले तेव्हा बदलून घ्यायला आमच्याकडे काहीच नव्हते, एवढा एक लाभ झाला.

‘आदिपुरुष’ हे आमचे मोठे बुडीत खाते. दिग्दर्शक ओम राऊत आपल्याकडचे, ‘लोकमान्य’ आणि ‘तान्हाजी’ करणारे. रामाची गोष्ट. प्रत्येक थिएटरात एक खुर्ची हनुमानासाठी रिकामी ठेवणार असे निर्मात्यांनी जाहीर केले होते. सौभाग्यवतींनी मोठ्या भक्तीने शेजारच्या आजींनाही बरोबर घेतले. खरे तर धोक्याची घंटा आधीच वाजली होती. ऑक्टोबर २०२२ मध्ये टीझरवर एवढी टीका झाली की जानेवारीची तारीख जूनवर गेली. तरी पहिले तीन दिवस गर्दी लोटली. वाट पाहण्याचा जोरच तसा असतो. हनुमानाच्या तोंडची भाषा ऐकून आजींनी मला विचारले, “हे रामायण कुणाचं हो?” मला वाल्मीकींचे नाव घ्यायचा धीर झाला नाही. गदारोळानंतर निर्मात्यांनी संवाद बदलले. सोमवारपासून थिएटरे ओस पडली. पण तोवर आमच्यासारख्यांचे पैसे गल्ल्यात जमा झाले होते. गावातल्या त्या गृहस्थांचे सोने तिसऱ्या दिवशी बुडाले. इथे तिसऱ्या दिवशी आमचे बुडाले. फरक एवढाच की आमचे थोडे थोडे, पुष्कळ जणांत वाटून, म्हणून कोणी नोटीस काढत नाही.

आणि मग जे यादीत नव्हतेच ते. ३० जूनला ‘बाईपण भारी देवा’ लागला. सहा बहिणी आणि मंगळागौर. ना नट, ना हाणामारी. आमच्या घरात त्याची बातमी पुतणीने नव्हे, सौभाग्यवतींच्या भिशीने आणली. दुसऱ्या आठवड्यात त्या अकराजणी नऊवारी नेसून, डोळ्यांना काळे चष्मे लावून गेल्या आणि तिसऱ्या आठवड्यात आपापल्या नणंदा-जावांना घेऊन पुन्हा गेल्या. या सिनेमाचे दुसऱ्या आठवड्याचे उत्पन्न पहिल्यापेक्षा जास्त होते, आणि एकूण आकडा सत्तर कोटींच्या वर गेला. २७ ऑक्टोबरला विधु विनोद चोप्रा यांचा ‘ट्वेल्थ फेल’ आला, महाराष्ट्रात नोकरी केलेल्या एका पोलीस अधिकाऱ्याच्या आयुष्यावरचा. तोही हळूहळू चढला, अनेक आठवडे टिकला. ऑगस्ट २०२५ मध्ये राष्ट्रीय पुरस्कार जाहीर झाले तेव्हा २०२३ चा सर्वोत्कृष्ट चित्रपट तो ठरला. सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मात्र दोघांत विभागून, ‘ट्वेल्थ फेल’चा विक्रांत मेस्सी आणि ‘जवान’चा शाहरुख खान. परीक्षक मंडळात कोणीतरी बँकेतला असावा अशी मला शंका आहे.

हे सारे वाचून कोणी म्हणेल, म्हाताऱ्याला पोरांची मजा बघवत नाही. तसे नाही. ‘पठाण’च्या दिवशी वांद्र्याच्या गेइटीवर सकाळी नऊच्या खेळाला ढोल वाजवत आलेली मुले मी टीव्हीवर पाहिली. ती कोणी लक्षाधीश नव्हेत. महिनाभर पैसे साठवून आलेली. दोन तास कोणाचे तरी, कशाचे तरी होऊन जाण्याची भूक त्यांच्यात दिसत होती, आणि ती भूक खोटी नाही. आमच्या पिढीने ती एसटी स्टँडवर पेटी पाहून भागवली. मला काळजी वाटते ती या भुकेवर जे पीक काढले जाते त्याची. १२ नोव्हेंबर २०२३ ला, ऐन लक्ष्मीपूजनाच्या दिवशी, ‘टायगर ३’ चालू असताना मालेगावच्या एका थिएटरात पोरांनी आतच फटाके आणि बाण उडवले. माणसे खुर्च्यांतून पळत सुटली. पोलिसांनी गुन्हा नोंदवला, सलमान खानने असे करू नका म्हणून विनंती केली. नशिबाने कोणी दगावले नाही. हैदराबादला नशीब आड आले नाही. ४ डिसेंबर २०२४ च्या रात्री ‘पुष्पा २’च्या आदल्या दिवशीच्या खास खेळाला नायक स्वतः थिएटरवर आला, गर्दी उसळली आणि मुलांना घेऊन सिनेमा पाहायला आलेली एक आई चेंगरून गेली, तिचा मुलगा मरणाच्या दारात पोचला. नायकाला अटक झाली, जामीन झाला, वादावादी झाली, तेलंगण सरकारने असे आदल्या रात्रीचे खेळ यापुढे नाहीत असे सांगितले. दुसऱ्या दिवशी सकाळी पाहिला असता तर तो सिनेमा तोच होता. पण ‘सगळ्यांच्या आधी’ याची किंमत वाढवत नेली की ती कोणी तरी मोजतोच.

परवा पुतणीने नवी यादी करायला घेतली. आता ती नोकरी करते, कागद फ्रीजवर न लावता फोनमध्ये ठेवते. मी चष्मा वर करून पाहिले. नेहमीची नावे होती, दोन दक्षिणेकडची, एक हॉलिवूडचे.

“यात मराठी एकही नाही?” मी विचारले.

“घालीन की,” ती म्हणाली. “पण त्यांच्या तारखा आधी कळतात कुठे, काका? काकूच्या भिशीत कळलं की सांगा.”